विश्वविजेता, पण कुठल्या नियमांचा?

संपादक साहेब,

गेल्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानाच्या तळाला एक छोटी बातमी होती, 'प्रोफेशनल किकबॉक्सिंगचा नवा विश्वविजेता' म्हणून, शेजारी फोटो. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला, कारण या खेळाची बातमी पेपरात दिसणं म्हणजे उंबराचं फूल. मग बातमी वाचली. मग परत वाचली. कुठल्या संघटनेचा विश्वविजेता ते नाही, कुठल्या नियमांखाली खेळला ते नाही, किती किलोच्या गटात ते नाही, आणि फोटोत जे दोघं आहेत त्यातला एक समोरच्याच्या कपाळावर सरळ कोपर मारतोय आणि दोघांच्याही दंडाला ती थाय पद्धतीची दोरी बांधलेली. म्हणजे फोटो मुए थायचा, थाय बॉक्सिंगचा! किकबॉक्सिंगच्या जवळपास कुठल्याच मोठ्या स्पर्धेत कोपर चालत नाही, मारलं तर पंच सामना थांबवतो, ताकीद देतो, परत मारलं तर पॉइंट कापतो. हॉकीच्या बातमीला फुटबॉलचा फोटो लावावा तसं झालं हे, दोन्हीकडे गोलकीपर असतो हे मान्य.

मी तज्ज्ञ वगैरे नाही हे आधीच सांगतो. तरुणपणी चार-पाच वर्षं क्लासला गेलो, फायटर म्हणून फार मजल गेली नाही (माझ्या नाकाने माझ्या आधी हात टेकले), पण नंतर बरीच वर्षं अमॅच्युअर स्पर्धांमध्ये टेबलावर बसून स्कोअर लिहिणं, घड्याळ सांभाळणं, माणूस कमी पडला की जज म्हणून बसणं असली कामं केली. त्या अनुभवावरून एवढंच म्हणायचंय की या खेळात 'चॅम्पियन' हा शब्द एकटा उभाच राहू शकत नाही. नियम कुठले आणि बेल्ट (विजेतेपदाचा पट्टा) कुणाचा हे सांगितलं तर त्याला अर्थ, नाहीतर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि बिचाऱ्या खेळाडूलाही न्याय मिळत नाही, कारण मग खरा मोठा पराक्रम आणि चार जणांच्या गटात मिळवलेलं मेडल दोन्ही एकाच टायपात छापलं जातं.

क्रिकेटला जशी आयसीसी आणि फुटबॉलला फिफा, तसं इथे कुणी एक बसलेलं नाही. वाको आहे, डब्ल्यूकेए आहे, इस्का आहे, डब्ल्यूकेएन आहे, सगळे आपापला विश्वविजेता देतात. त्याशिवाय ग्लोरी, के-वन, वन चॅम्पियनशिप या तर स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्याच, त्यांचे बेल्ट वेगळे. आणि गंमत अशी की प्रोफेशनलमध्ये बहुतेक चाहते संघटनांच्या बेल्टपेक्षा या कंपन्यांच्या बेल्टला जास्त मान देतात, कारण तगडे फायटर तिथे असतात. वाकोला २०२१ मध्ये ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली, पण लगेच लोकांनी व्हॉट्सअॅपवर किकबॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मान्यता मिळणं वेगळं आणि ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात खेळ असणं वेगळं. बरं, एकट्या वाकोमध्येच प्रकार किती बघा, पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट (फटका हलकाच मारायचा), किक लाइट, फुल कॉन्टॅक्ट (पूर्ण जोर, पण लाथ कमरेच्या वरच), लो किक (मांडीवरही लाथ चालते), के-वन (कंपनी नव्हे, त्या नावाच्या नियमांचा प्रकार), आणि संगीतावर काता (ठरलेल्या डावांचा क्रम) करतात तो म्युझिकल फॉर्म्स. शेवटच्या प्रकारात तर समोर प्रतिस्पर्धीच नसतो! आता या प्रत्येकात वजनगट, पुरुष महिला, असं धरलं की एका स्पर्धेतून डझनावारी विश्वविजेते बाहेर पडतात, सगळे खरे, सगळे मेहनती, पण सगळे एकाच खेळाचे म्हणवत नाही.

हा गोंधळ आजचा नाही, खेळाच्या जन्मापासूनचा आहे. किकबॉक्सिंग हा शब्दच मुळात जपानमध्ये तयार झालाय. १९६३ मध्ये क्योकुशिन कराटेचे तीन जण थायलंडला जाऊन तिथल्या बॉक्सरांशी लढले, दोन जिंकले, एक हरला. ओसामू नोगुची नावाचा बॉक्सिंगचा प्रमोटर होता, त्याच्या डोक्यात आलं की कराटे आणि थाय बॉक्सिंग यांचं मिळून काहीतरी नवीन विकता येईल, त्याने नाव दिलं किकबॉक्सिंग आणि १९६६ च्या एप्रिलमध्ये ओसाकाला पहिली स्पर्धा भरवली. त्यातून तादाशी सावामुरा हा पहिला टीव्ही स्टार निघाला. पण त्याच वर्षी सामार्न नावाच्या थाय फायटरने त्याला एका सामन्यात १६ वेळा खाली पाडलं होतं, कराटेवाल्याला थाय बॉक्सिंग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं असेल. तो परत उठून शिकला, हे विशेष. जो तीन जणांतला एकटा १९६३ ला हरला होता ना, केंजी कुरोसाकी, त्यानेही तेच केलं, हरल्यावर रडत न बसता मेजिरो जिम काढली, तिथे यान प्लास नावाचा डच माणूस शिकून गेला आणि त्याने १९७८ मध्ये अॅमस्टरडॅमला त्याच नावाची जिम उघडली. आज जी 'डच स्टाइल' म्हणून जगभर शिकवतात, हातांचं कॉम्बिनेशन आणि शेवटी मांडीवर लाथ, तिचं मूळ एका हरलेल्या माणसापर्यंत जातं. मला हे फार आवडतं.

तिकडे अमेरिकेत वेगळीच गाडी चालू होती. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला पीकेएची (प्रोफेशनल कराटे असोसिएशन) पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, जो लुईस, जेफ स्मिथ, बिल वॉलेस आणि मेक्सिकोचा इसायास दुएन्यास हे चार विजेते. त्यांचा नियम असा की लाथ कमरेच्या वरच मारायची. आणि मग प्रॉब्लेम असा झाला की लोक लाथा मारायचेच नाहीत, कारण कमरेच्या वर लाथ मारायला दम लागतो आणि तोल जातो, मग नुसते ठोसे मारून सामना काढायचे, म्हणजे लांब पॅन्ट घालून केलेलं साधं बॉक्सिंग. मग नियम आला की प्रत्येक राउंडमध्ये कमीत कमी ८ लाथा मारायच्याच, आणि त्या मोजायला रिंगच्या बाजूला माणूस बसायचा! मी टेबलावर बसलेला माणूस असल्यामुळे मला त्या मोजणाऱ्याबद्दल फार आपुलकी वाटते, अख्खा सामना चाललाय आणि हा बाबा सहा, सात, आठ करतोय.

बिल वॉलेसचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. ज्युदोमध्ये उजवा गुडघा गेलेला, म्हणून हा माणूस जवळजवळ सगळ्या लाथा डाव्या पायानेच मारायचा, समोरच्यालाही माहीत की डावीच येणार, तरी अडवता यायची नाही, आणि १९८० मध्ये एकही प्रोफेशनल सामना न हरता निवृत्त झाला. आता कोणी म्हणेल की मग तोच सर्वात महान. असेल. पण त्या नियमांत मांडीवर लाथ मारायला बंदी होती, आणि कायम आडवं उभं राहून पुढच्याच पायाने लाथा मारणाऱ्या माणसाचा तो पाय मांडीवर लाथ चालत असती तर किती राउंड टिकला असता हा प्रश्न विचारायला हरकत नाही. हे त्याला कमी लेखणं नाही, तो त्याच्या नियमांचा राजा होता.

या प्रश्नाचं उत्तर एका वेगळ्या सामन्यात मिळालंय. १९८८, लास वेगास. रिक रूफस हा अमेरिकेचा तरुण फुल कॉन्टॅक्ट चॅम्पियन आणि समोर थायलंडचा चांगपुएक कियाटसोंग्रित. कोपर नाही, गुडघा नाही, पण लो किक चालेल असं ठरलेलं. पहिल्या राउंडमध्ये रूफसने त्याला पाडलं, त्याचा जबडा मोडला, सगळ्यांना वाटलं संपलं. चांगपुएक उठला आणि मांडीवर लाथा घालत बसला, एक, परत एक, परत तिथेच. लो किक म्हणजे नुसती पायाने मारलेली लाथ नसते, नडगीचं हाड गुडघ्याच्या वर मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणून आपटतात, तिथे स्नायू आणि नस दोन्ही सापडतात, पहिल्या दोन-तीनला माणूस हसून दाखवतो, सातव्या-आठव्याला पाय ऐकेनासा होतो. ती अडवायची तर गुडघा उचलून स्वतःची नडगी पुढे करायची असते, आणि ते रूफसला कुणी शिकवलंच नव्हतं कारण त्याच्या खेळात तशी वेळच यायची नाही. चौथ्या राउंडमध्ये सामना संपला, जबडा मोडलेला माणूस जिंकला आणि चॅम्पियनला उचलून न्यावं लागलं.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी लहान पातळीवर पाहिलंय. आमच्या ओळखीतला एक मुलगा लाइट कॉन्टॅक्टमध्ये एकदम हुशार, पाय इतके चपळ की लाथ कधी आली कळायचं नाही, घरी मेडलांची माळ. त्याला कुणीतरी चढवलं की तू चॅम्पियन आहेस, जा खेळ लो किकच्या गटात, काय फरक पडतो. मी त्या दिवशी टेबलावर घड्याळ घेऊन होतो. पहिल्या राउंडमध्ये त्याने समोरच्याला नाचवलं. दुसऱ्यात तो समोरचा शांतपणे पुढच्या पायाच्या मांडीवर मारायला लागला आणि मिनिटाभरात आमचा मुलगा तो पाय टेकवेना, उड्या मारत मागे मागे. कॉर्नरने (त्याच्या बाजूच्या कोचने) टॉवेल टाकून हार मानली ते बरं केलं. नंतर दोन दिवस तो जिना आडवा उतरत होता. त्याच्या मेडलांमध्ये खोट काही नव्हती हो, पण कुठल्या परीक्षेचे मार्क आहेत ते कुणी विचारलंच नव्हतं.

आता के-वन. माझ्या पिढीतले जे कोणी या खेळाच्या नादी लागले ते बहुतेक के-वनमुळे, आधी कुणाकुणाच्या कॅसेटवर आणि नंतर इंटरनेटवर तुकडे तुकडे बघत. काझुयोशी इशी या कराटे मास्टरने १९९३ मध्ये टोकियोत सुरू केलं, आठ माणसं, एक रात्र, तीन सामने जिंकेल तो राजा. पहिल्याच वर्षी सगळे अंदाज धाब्यावर बसवून क्रोएशियाचा ब्रँको सिकाटिच जिंकला, वय ३८! आणि त्याने पहिल्या फेरीत कुणाला गारद केलं माहितीये, त्याच चांगपुएकला, ज्याने वेगासला रूफसचा पाय निकामी केला होता. वजनगट नव्हता ना, चांगपुएक त्याच्यापुढे लहान पडला. एकच माणूस, एका नियमात हिरो आणि दुसऱ्यात पहिल्याच राउंडमध्ये बाद.

मग नावं सुरू झाली, पीटर आर्ट्स तीनदा विजेता, स्वित्झर्लंडचा अँडी हुग १९९६ मध्ये (टाच डोक्याच्या वर नेऊन कुऱ्हाडीसारखी खाली आणायचा, आणि २००० मध्ये ल्युकेमियाने वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी गेला, तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं), रेमी बोंयास्की तीनदा, एर्नेस्टो होस्ट चारदा, सेमी स्किल्ट चारदा. स्किल्टची उंची २१२ सेंटिमीटर, त्याचा गुडघा म्हणजे समोरच्याची छाती, त्याला हरवायचं कसं याच्या चर्चा आम्ही रात्र रात्र केल्यात आणि उत्तर सापडलं नाही.

पण एका रात्रीच्या स्पर्धेची एक खोड असते आणि ती २००२ मध्ये दिसली. होस्टला ऑक्टोबरमध्ये बॉब सॅपने हरवलं. सॅप म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधून आलेला दीडशे किलोच्या वरचा गडी, तंत्र जेमतेम पण अंगावर आला की भिंत पडल्यासारखं. होस्ट त्या वर्षीच्या स्पर्धेतून बाहेर. मग स्किल्ट जखमी झाला म्हणून त्याच्या जागी होस्टला परत घेतलं. डिसेंबरमध्ये टोकियो डोममध्ये पहिल्याच फेरीत परत समोर सॅप, परत हरला. पण त्या मारामारीत सॅपचा हात गेला, त्याला पुढे खेळता येईना, म्हणून नियमाप्रमाणे हरलेल्या होस्टला सेमीफायनलमध्ये उभं केलं. तिथे रे सेफोचा पाय गेला. फायनलमध्ये जेरोम ले बॅनर, त्याचा हात होस्टच्या लाथा अडवता अडवता मोडला. होस्ट चौथ्यांदा चॅम्पियन! एकाच माणसाकडून दोनदा हरून त्या वर्षीचा जगज्जेता. आता तुम्ही हे दोन ओळीत कसं छापणार? नशीब म्हणाल तर ले बॅनरचा हात नशिबाने मोडला नव्हता, होस्टने तीन राउंड त्याच हातावर लाथा घातल्या होत्या. माझ्या मते चॅम्पियन खराच, पण गोष्ट सांगितल्याशिवाय नुसतं नाव छापलं तर वाचकाला चुकीचं चित्र मिळतं.

नियम चॅम्पियन घडवतात तसे कधी कधी चॅम्पियनला बघून नियम पण बदलतात. २००४ मध्ये हलक्या वजनाच्या के-वन मॅक्समध्ये थायलंडचा बुआकाव आला. फायनलला जपानचा लाडका मासातो, तीन राउंडनंतर जजनी ड्रॉ दिला, एक्स्ट्रा राउंड झाला आणि बुआकाव जिंकला. त्या ड्रॉवर आजही चाहते भांडतात, मी सुद्धा, कारण मला तरी तीन राउंडमध्येच तो स्पष्ट जिंकलेला दिसत होता. बुआकावचं हत्यार काय, तर मान धरून ठेवणं, ज्याला क्लिंच म्हणतात, आणि धरून गुडघे मारणं. त्यानंतर क्लिंचवर बंधनं आली, धरून एकामागून एक गुडघे मारता येईनात. दुसरा कोणी असता तर कुरकुरत घरी गेला असता. बुआकावने हात सुधारले आणि २००६ च्या फायनलमध्ये अँडी सॉवरला चक्क ठोशांनी संपवलं. मला विचाराल तर त्याची ही दुसरी ट्रॉफी पहिलीपेक्षा मोठी, पण हे ज्याला नियम बदलल्याचं माहीत नाही त्याला कसं समजणार.

क्लिंचवरून तर २०१९ मध्ये एका सामन्याचा निकालच फिरला. वन चॅम्पियनशिपमध्ये इटलीचा जॉर्जिओ पेत्रोस्यान आणि थायलंडचा पेचमोराकोट, जजनी निकाल पेचमोराकोटच्या बाजूने दिला, मग तपासणीत दिसलं की त्याने किकबॉक्सिंगच्या नियमात बसत नाही इतकं क्लिंच केलंय आणि पंचाने ते चालू दिलंय, तेव्हा निकाल रद्द करून सामना परत घेतला. परतच्या वेळी पेत्रोस्यान जिंकला आणि पुढे ऑक्टोबरमध्ये टोकियोत फायनल मारून १० लाख डॉलर घेऊन गेला. धरायचं किती सेकंद, एवढ्याशा नियमावर १० लाख डॉलर कुणाचे ते ठरलं!

स्कोअरिंगबद्दल पण थोडं लिहितो कारण निकाल वादग्रस्त, जजनी डोळे मिटले होते का, असं लोक लगेच लिहून मोकळे होतात. प्रोफेशनलमध्ये साधारण तीन मिनिटांचे तीन राउंड, ग्लोरीसारख्या ठिकाणी टायटलसाठी पाच. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, त्याचं नॉकडाउन झालं (फटका लागून खाली पडला) तर ८. पंच आठपर्यंत मोजतो, उठला तरी मोजतोच, डोळ्यात बघतो, एक पाऊल पुढे ये म्हणतो, तो डगमगला की संपलं. एका राउंडमध्ये तीन नॉकडाउन झाले की सामना बंद, एका रात्रीच्या स्पर्धेत बऱ्याचदा दोनलाच. जजने बघायचं काय, तर आधी नॉकडाउन, मग कुणाच्या फटक्यांनी जास्त इजा केली, मग स्वच्छ लागलेले फटके, आणि सगळं सारखं असेल तरच पुढे कोण सरसावत होता ते. प्रेक्षक नेमकं उलटं बघतात, जो पुढे जातोय आणि आवाज काढतोय तो जिंकतोय असं त्यांना वाटतं. आणि एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही, तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात, माझ्यासमोर ज्याची पाठ आहे त्याने पोटात मारलेला गुडघा मला दिसतच नाही, फक्त आवाज येतो, आणि आवाजाला पॉइंट द्यायचा नसतो. समोरच्या बाजूच्या जजने वेगळा कागद दिला तर तो लबाडच असतो असं नाही. मी स्वतः एकदा दिलेल्या राउंडबद्दल रात्री झोपलो नव्हतो, नंतर व्हिडिओ बघितला तर माझंच चुकलं होतं.

राडे छापायला मात्र सगळ्यांना आवडतात. २००८ च्या के-वन फायनलमध्ये बदर हारीने खाली पडलेल्या बोंयास्कीला ठोसे मारले, वरून पाय दिला आणि बाद झाला, ते दृश्य या खेळाबद्दल काहीच माहीत नसलेल्या लोकांनीही पाहिलंय. पडलेल्याला मारणं हा या खेळातला मोठ्यातला मोठा गुन्हा, म्हणून तर त्याला बाद केलं, पण ते दाखवताना असं दाखवतात जणू हाच खेळ आहे. तोच हारी पुढे रिको व्हेरहूवनशी दोनदा खेळला, २०१६ आणि २०१९, दोन्ही वेळा हारीला दुखापत होऊन सामना संपला, आणि दुसऱ्या वेळी तर हारीने रिकोला पाडलं होतं, तो पुढे चालला होता असं म्हणायला जागा आहे. रेकॉर्डमध्ये फक्त लिहिलंय रिको विजयी. रिको २०१४ पासून इतकी वर्षं ग्लोरीचा हेवीवेट चॅम्पियन राहिला, त्याच्या पेपरातल्या बातम्या मी तरी बोटावर मोजण्याइतक्याच पाहिल्या.

अलेक्स पेरेराचं तर सगळ्यात मजेशीर. २०२२ मध्ये यूएफसीत (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती एमएमएची स्पर्धा) त्याने तिथल्या चॅम्पियन अडेसान्याला हरवल्यावर सगळीकडे 'नवखा कुठून आला' असा सूर होता. अहो नवखा कसला, ग्लोरीत दोन वजनगटांचा चॅम्पियन होता तो, आणि याच अडेसान्याला किकबॉक्सिंगमध्ये त्याने आधीच दोनदा हरवलं होतं, २०१६ ला पॉइंटवर आणि २०१७ ला नॉकआउट. ज्यांनी किकबॉक्सिंग पाहिलं होतं त्यांना तिसऱ्या वेळी काही धक्का बसला नाही.

आणि २०२२ च्याच १९ जूनला टोकियो डोममध्ये तेनशिन नासुकावा आणि ताकेरू या दोन जपानी फायटरांचा सामना झाला. दोघं वेगवेगळ्या संस्थांचे, तेनशिन राइजचा, ताकेरू के-वनचा, त्यामुळे वर्षानुवर्षं नुसतीच चर्चा, कुणाच्या रिंगमध्ये, कुणाच्या नियमांत, कुणाच्या वजनात. शेवटी मधला मार्ग काढून ५८ किलोला ठरला. ५६,३९९ लोक स्टेडियममध्ये! आयत्या वेळी टीव्ही चॅनलने अंग काढून घेतलं तरी लोकांनी पैसे भरून ऑनलाइन पाहिला. पहिल्या राउंडच्या शेवटी तेनशिनचा डावा हात बसला, ताकेरू खाली, आणि पाचही जजनी तेनशिनला दिला. त्याचं किकबॉक्सिंगचं रेकॉर्ड ४२ सामने ४२ विजय, तसाच तो बॉक्सिंगकडे निघून गेला. माझ्या आठवणीत या खेळातला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी मी तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला, शब्दकोड्यासकट. एक ओळ नाही. तेव्हा पत्र लिहिलं नाही कारण वाटलं जाऊ दे, यांचा विषय नाही. पण आता बातमी देताय तर नीट द्या ना.

जास्त काही मागत नाही. निकाल छापताना नावाच्या पुढे कंसात तीन गोष्टी टाका, स्पर्धा कुणाची, नियम कुठले, वजन किती. अर्धी ओळ जाते. महिलांच्या निकालांनाही हेच, कारण तिथे तर बातमीत फक्त 'हिनेही बाजी मारली' एवढंच असतं, अनिसा मेक्सेनसारखी ग्लोरीची चॅम्पियन असली तरी. आणि फोटो लावताना कोपर दिसतंय का एवढं बघा. शंका आली तर कुठल्याही क्लासमधल्या चौदा वर्षांच्या पोराला दाखवा, तो सांगेल.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. पत्र बंद करताना बातमी परत एकदा वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही लिहिलंय की अंतिम सामना त्याने '१५-९' असा जिंकला. प्रोफेशनलच्या तीन राउंडमध्ये जजच्या कागदावर असा आकडा येऊच शकत नाही, तिथे ३०-२७, २९-२८ असलं काहीतरी येतं. १५-९ हा स्कोअर बहुतेक पॉइंट फायटिंगचा, जिथे एक फटका लागला की पंच थांबवतो, पॉइंट देतो आणि परत सुरू करतो, ठोशाला एक, डोक्यावरच्या लाथेला दोन, उडी मारून डोक्यावर लागली तर तीन. फार वेगवान आणि अवघड प्रकार आहे तो, मला कधीच जमला नाही. पण मग तुमचा हा 'प्रोफेशनल विश्वविजेता' बहुतेक अमॅच्युअर आहे, रिंगमध्ये नाही तर मॅटवर खेळलाय, आणि फोटोतल्या त्या दोघांपैकी तर तो नक्कीच कुणी नाही. त्या मुलाचा खरा फोटो मिळाला तर छापा.